पोरांना ढीग लावू द्या, आणि ढिगाचा नियमही त्यांनाच सांगू द्या

पहिली-दुसरीच्या पोरांना वस्तूंचे गट पाडायला न त्याचे साधे आलेख काढायला शिकवायचं की नाही यावर सध्या पालकसभांमधे, शिक्षकांच्या ग्रुपवर जे काही चाललंय ते ऐकून राहवत नाही म्हणून हे लिहितोय, कारण दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडतायत. एक बाजू म्हणते पोराला अजून धड वजाबाकी येत नाही, पाढे येत नाहीत आणि तुम्ही त्याला चिंचोके न झाकणं वेगळी करायला बसवता, हे तर ते घरीही करतं, त्यासाठी शाळेत घातलंय का? दुसरी बाजू म्हणते जग डेटाचं आहे, आतापासून सुरुवात केली तर पोरगं पुढं डेटा सायन्समधे जाईल, आणि मग मोजायच्या प्लास्टिकच्या रंगीत अस्वलांचं किट, वर्कशीटा, ऍप, वरून जादा फी. पहिल्यांना हा विषय टाइमपास वाटतो, दुसऱ्यांना तो नोकरीची तयारी वाटतो, आणि सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात त्या वेळी नेमकं काय घडतं याबद्दल कोणीच बोलत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हे शिकवलंच पाहिजे, अंगणवाडीपासून शिकवलं पाहिजे, रोज थोडं थोडं, पाढे न थांबवता. पण कारण वेगळं आहे. गट पाडणं म्हणजे नियम ठरवणं. समोर ढीग असतो, त्यात आधीपासून काहीच वेगळं झालेलं नसतं, कोणीतरी ठरवतं की आपण रंग बघायचा, किंवा खायचं काय आणि न खायचं काय ते बघायचं, आणि मग गट पडतात. आणि आलेख म्हणजे त्या नियमानं जे मोजलं ते सगळ्यांना दिसेल असं मांडणं, म्हणजे कोणालाही उठून म्हणता यावं की इथं चुकलंय, परत मोजा. ज्या पोराला सहाव्या-सातव्या वर्षी हातानं करून कळलं की गट कोणीतरी पाडलेले असतात न नियम बदलला की तीच वस्तू दुसऱ्या ढिगात जाते, ते पोरगं मोठेपणी कोणीही तोंडावर आकडा फेकला तरी 'हा कसा काढला' एवढं तरी विचारेल. आपल्या खान्देशात हे विचारायची गरज जरा जास्तच आहे, ते पुढं सांगतो.

आधी 'हे तर घरी पण करतं' हा मुद्दा घेऊ, कारण तो खरा आहे. रावेर-सावद्याकडच्या पोराला केळीच्या घडातली कुठली फणी भरलेली न कुठली बारीक हे सांगावं लागत नाही. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर बाया देठ खुडता खुडता पांढरी पडलेली मिरची बाजूला टाकतात न त्यांची पोरं तिथंच खेळत असतात. कापूस वेचताना डागाळलेला कवडी कापूस चांगल्यात टाकू नको हे माय दिवसातून कितीदा सांगते. घरी आजी परात घेऊन दादर ज्वारी निवडायला बसली की नातवंडं खडे काढायला शेजारी येतातच. तेव्हा आपल्या पोरांना निवड येत नव्हती, ती किट आल्यावर येईल, असं जो म्हणतो त्यानं इथली घरं बघितलेली नाहीत.

पण या सगळ्या निवडीत एक गोष्ट सारखी आहे. नियम आधीच ठरलेला असतो, न तो ठरवणारा बहुतेक वेळा समोर नसतो. कोणता माल चांगला हे घेणारा ठरवतो. सरकारी कापूस खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात न १२ च्या वर गेला की कापूस घेतच नाहीत. या नियमाला कारण आहे, रास्त कारण आहे, ओला कापूस वजनाला जास्त भरतो न गाठीत खराब होतो. पण ८ न १२ हे आकडे माणसांनी ठरवलेत, आणि नमुना गाडीच्या वरच्या थरातून घेतला की मधून, एकदाच घेतला की तीनदा, यावर तोच कापूस या ढिगात नाहीतर त्या ढिगात पडतो. आपल्यातले किती जण हे तिथल्या तिथं विचारतात? बरेच जण मुकाट्यानं गाडी वळवतात. हिंमत नाही म्हणून असं होतं असं मला वाटत नाही, नियमावर बोलता येतं याची सवयच कधी लागलेली नसते. शेतात पोरगं नियम पाळायला शिकतं. नियम करायला, मोडून बघायला, दुसऱ्याचा तपासायला शिकवायचं काम शाळेचं आहे न ते शाळेशिवाय कुठंच होत नाही.

ते वर्गात कसं दिसतं ते सांगतो, फार साधं आहे. पंधरा-वीस वस्तूंचा ढीग: सागरगोटे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, बाटल्यांची झाकणं, वाळलेली मिरची, कापसाचं बोंड, बटणं, पळसाचं पान, एखादा गोल दगड. पोरांना एवढंच सांगायचं की जे जे सोबत राहील असं वाटतं ते सोबत ठेवा. एक पोरगी लाल झाकण न लाल मिरची एकत्र ठेवते. शेजारचा म्हणतो हाई आठे नही, तठे (हे इथं नाही, तिथं), मिरची खायाची आहे, झाकण कोण खाईल. आता दोघांचं बरोबर आहे, आणि इथं जर मॅडम म्हणाल्या की 'चला, आज आपल्याला रंगानुसारच करायचंय' तर खेळ संपला, परत नियम वरून आला. त्याऐवजी दोघांना विचारायचं तू कशावरून ठेवलं, सांग. मग सगळ्यांनी मिळून एकदा रंगावर लावायचं, सगळं मोडायचं, परत झाडाचं काय न माणसानं बनवलेलं काय यावर लावायचं. कापसाचं बोंड पहिल्यांदा पांढऱ्या बटणाशेजारी होतं, आता ते चिंचोक्याशेजारी गेलं. बोंड तेच आहे. त्या क्षणी पोरं जो गलका करतात तो मी ऐकलाय, आणि शिक्षण म्हणतात ते त्या गलक्यातच असतं असं मला मनापासून वाटतं.

यात अजून एक फायदा आहे जो आपल्या भागात सोन्यासारखा आहे. धडगावचं पोर घरी पावरी बोलतं, नवापूरकडचं मावची बोलतं, धुळ्या-अमळनेरकडं अहिराणी, न शाळेत पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठी. गणितातली निम्मी भीती भाषेची असते. ढीग लावायला भाषा लागत नाही, आधी हात काम करतो न मग कारण स्वतःच्या भाषेत सांगता येतं. उलट गुरुजींनाच कळतं की या बीला पोरांकडं नाव आहे न आपल्याला ते माहीतच नव्हतं. वर्गात मास्तरपेक्षा जास्त आपल्याला माहीत आहे हे डोंगरातल्या पोराला वर्षातून कितीदा जाणवतं?

आता वयाचा मुद्दा, हा शिकलेले लोक काढतात आणि तो खरंच वजनदार आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिलं होतं की चार-पाच वर्षांचं मूल एका नियमावर टिकत नाही, लाल गोळा करता करता मधेच गोल गोळा करायला लागतं. त्यांचा प्रसिद्ध प्रश्न असा की समोर पुष्कळ गुलाब न थोडी दुसरी फुलं ठेवायची न विचारायचं, गुलाब जास्त आहेत की फुलं जास्त? लहान मूल म्हणतं गुलाब. गुलाब पण फूलच आहे, म्हणजे एक वस्तू एकाच वेळी दोन गटांत असू शकते, हे त्याला सात-आठ वर्षांच्या आसपास नीट कळायला लागतं. मग लोक म्हणतात, बघा, वय झालं नाही, थांबा. पण थांबून हे येतं असं पियाजे म्हणतच नव्हते, मूल वस्तू हाताळून, चुकून, अडखळून ते स्वतः घडवतं असं त्यांचं सगळं म्हणणं होतं. पाच वर्षांच्या पोरानं मधेच नियम बदलला तर ती चूक लाल शाईनं खोडायची गरज नाही. फक्त विचारायचं, हे इथं का आलं बरं? रोज विचारायचं. आठव्या वर्षी जे पक्कं व्हायचंय त्याची सुरुवात पाचव्या वर्षीच्या या घोळातच होते. चालायला येत नाही म्हणून आपण मुलाला उभं राहू देत नाही का?

आणि वय झालं नाही म्हणणाऱ्यांना मी एक आठवण करून देतो. आपण त्याच वयाच्या पोराला भारतातली एक उत्तम वर्गवारी रोज पाठ करायला लावतो. क ख ग घ ङ ही ओळ घशाजवळची, च छ ज झ ञ टाळूची, ट ठ ड ढ ण जीभ वर वळवून, त थ द ध न दातांची, प फ ब भ म ओठांची. आडव्या ओळी तोंडातल्या जागेप्रमाणं न उभ्या रांगा आवाज कसा निघतो त्याप्रमाणं, दुसऱ्या न चौथ्या रांगेत जास्त हवा, शेवटच्या रांगेत आवाज नाकातून. पाच बाय पाचचा हा तक्ता दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या इथं उच्चारांचा अभ्यास करणाऱ्यांनी तोंडात काय होतं ते बारकाईनं बघून तयार केला. भिंतीवर तो तक्ता प्रत्येक वर्गात टांगलेला आहे. पण कोणत्या वर्गात पोरांना सांगतात की ओठांवर बोट ठेवा न प फ ब भ म म्हणा, बघा ओठ मिटतात, आता क म्हणा, मिटले का? ज्यांनी हे गट पाडले त्यांचं डोकं आपण लपवून ठेवलं न पोरांच्या हातात नुसती घोकंपट्टी दिली. परंपरा म्हणून पाठांतराची बाजू घेणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा, की आपली परंपरा नेमकी कोणती, घोकणाऱ्यांची की बघून लावणाऱ्यांची.

कोणी म्हणेल बहिणाबाई कुठं शाळेत गेल्या होत्या, आमच्या आसोद्याच्या मातीतली बाई, अक्षर ओळखीचं नव्हतं तरी केवढी नजर. अगदी खरं. पण त्या नजरेतून जे निघालं ते आज आपल्यापर्यंत आलं कारण त्यांचा मुलगा सोपानदेव न त्याच्या मावसभावानं ते वेळोवेळी उतरवून ठेवलं, बाई १९५१ साली गेल्या न पुढच्या वर्षी, १९५२ ला, आचार्य अत्र्यांनी मनावर घेतलं म्हणून ते छापलं गेलं. नजर घरातून येते, नोंद करायला शिकवावं लागतं. नोंद न झालेलं किती गेलं असेल, आपल्या किती आज्यांबरोबर, कोणाला माहीत.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र गणिताच्या पायाचा आहे, तो मी हलक्यात घेत नाही. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीचे लोक २००५ पासून गावात घरोघरी जाऊन पोरांना हातच्याची वजाबाकी न भागाकार विचारतात आणि वरच्या वर्गातल्या कितीतरी पोरांना ते जमत नाही हे दरवेळी समोर येतं. शिक्षक दोन, वर्ग चार, हातात दिवसाचे काही तास, त्यात हे नवीन कशाला? प्रश्न रास्त आहे. पण वजाबाकी अडते कुठं ते जवळून बघा. 'झाडावर नऊ पाखरं होती, चार उडाली, किती राहिली' हे बहुतेक पोरं करतात. 'मीनाकडं नऊ बोरं, राजूकडं पाच, मीनाकडं किती जास्त' हे विचारलं की बरीच पोरं चौदा म्हणतात. का? कारण इथं काहीच उडून गेलेलं नाही, दोन्ही ढीग जागच्या जागी आहेत, न 'जास्त' हा शब्द ऐकला की हात बेरजेकडं जातो. आता खरी बोरं घ्या, मीनाची एका रांगेत न राजूची तिच्या खाली दुसऱ्या रांगेत, एकाखाली एक, सुरुवात एकाच रेघेपासून. पाच जोड्या लागतात न चार बोरं पुढं उघडी राहतात. 'किती जास्त' म्हणजे ती चार. हाच आलेख. कागद नाही, रंग नाही, मोजपट्टी नाही, बोरांच्या दोन रांगा हा पोराचा पहिला स्तंभालेख न त्यातून जी वजाबाकी कळते ती विसरत नाही. मग कोणी कोणाचा वेळ खाल्ला? पुढं चार उभ्या रेघा न पाचवी आडवी अशा ताळ्याच्या खुणा आल्या की पाचाचा पाढा आपोआप तोंडात येतो, एक चित्र म्हणजे दहा झाडं असा चित्रालेख आला की दहाचा. पाढे मला प्रिय आहेत, पाठ असलेच पाहिजेत, पण पाढा कशाला लागतो हे कळलेलं पोर तो जास्त लवकर पाठ करतं.

आलेख ही श्रीमंतांची, शहरातली, इंग्रजी शाळेतली गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी जरा इतिहास. स्तंभांचा आलेख फार जुना नाही. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसानं १७८६ साली तो छापला, इकडं पुण्यात तेव्हा सवाई माधवराव पेशवे होते. स्कॉटलंडचा कोणत्या देशाशी किती व्यापार हे त्याला दाखवायचं होतं, वर्षावर्षाचे आकडे त्याच्याकडं नव्हते, एकाच वर्षाचे होते, म्हणून रेघ काढता येईना, तेव्हा त्यानं पट्ट्या काढल्या. अडचणीतून निघालेली युक्ती. १८५८ साली ब्रिटिश परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या लढाईतले मृत्यू रंगीत पाकळ्यांच्या आकृतीत मांडले, आणि सैनिक जखमांपेक्षा घाणीनं, रोगानं जास्त मेले हे सरकारातल्या ज्या लोकांना आकड्यांच्या कोष्टकात दिसत नव्हतं, निदान दिसत नाही असं म्हणता येत होतं, ते त्यांना आता नाकारता येईना. दोन्ही वेळा आलेख कशासाठी आला? जे लोक कोष्टक वाचणार नाहीत त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचवायला. म्हणजे मुळात हे कमी शिकलेल्याचं, घाईत असलेल्याचं, लहानाचं साधन आहे.

आणि तिसरं उदाहरण तर आपल्या घरातलंच आहे, यावर मला जरा जास्त बोलायचंय. १९६० च्या सुमारास डेव्हिड मॉर्ली नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं नायजेरियातल्या इलेशा भागात लहान मुलांच्या वजनाचा एक तक्ता तयार केला, आडवं वय, उभं वजन, मधे पट्टा, आणि तो दवाखान्यात न ठेवता आईच्या हातात दिला. आज आपल्या अंगणवाडीत जो वाढीचा तक्ता असतो तो त्याच वंशातला. म्हणजे ज्या नंदुरबार जिल्ह्याचं नाव कुपोषणाच्या बातमीत वर्षानुवर्षं येतं तिथल्या आईच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हा एक आलेख आहे. सेविकाताई वजन करतात, ठिपका लावतात, २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे सरकारी ऍप आल्यावर तो ठिपका मोबाइलमधे लागतो, आणि आईला सांगितलं जातं बाळ हिरव्या पट्ट्यात आहे म्हणजे वजन ठीक, किंवा पिवळ्यात गेलंय म्हणजे कमी. पण खरं बघायचं असतं ते पट्ट्यापेक्षा रेघ कुठं चाललीय ते. बाळ हिरव्यात आहे पण तीन महिने रेघ आडवी पडलीय, तर तो धोका आहे, आणि बाळ पिवळ्यात आहे पण रेघ वर चढतेय, तर उपाय लागू पडतोय. हे आईला स्वतःला दिसलं पाहिजे, कोणी सांगायच्या आधी. दिसायला काय लागतं? रेघ चढते म्हणजे वाढतंय, आडवी पडली म्हणजे थांबलंय, एवढंच. हे दुसरीच्या वर्गात येतं. दर सोमवारी वर्गानं लावलेल्या वेलाची उंची सुतळीनं मोजायची, सुतळीचे तुकडे कापून भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवायचे, पाणी दिलं नाही त्या आठवड्याचा तुकडा आधीच्या एवढाच राहतो आणि पोरं स्वतःच म्हणतात याला काहीतरी झालंय. ज्या मुलीनं सातव्या वर्षी हे भिंतीवर बघितलं तिला पुढं बाळाच्या कार्डावरची आडवी रेघ कोणी समजावून सांगावी लागणार नाही. आता मला सांगा, आलेख आपल्याकडं चैन आहे का?

तरी एक आक्षेप राहतो न तो मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. काही जण, विशेषतः चळवळीत काम केलेले लोक म्हणतात की आधीच या देशात माणसांचे गट पाडायची सवय रक्तात आहे, तुम्ही पोरांना अजून गटच शिकवता? त्यांची भीती खोटी नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, पोर पाळण्यात असतानाच एका ढिगात गेलं, न तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं लागली. कायदा गेला तरी पोलिसाच्या डोळ्यातला ढीग अजून गेलेला नाही हे पारधी वस्तीत कोणालाही विचारा. आणि इतकं लांब कशाला, वर्गात हुशारांची रांग न ढब्बूंची रांग करणारे मास्तर आपण सगळ्यांनी बघितलेत. पण यातून निघतं काय? गट पाडणं शिकवलं नाही तर लोक गट पाडायचे थांबतील? ते पाडणारच आहेत, रोज पाडतायत. ज्याला कधी कोणी विचारलंच नाही की 'तू हे इथं कशावरून ठेवलं' त्याला वाटतं ढीग देवानं लावलेत. ज्यानं स्वतः एकच ढीग चार प्रकारे लावून मोडलाय, त्याला माहीत असतं की नियम आपण करतो, म्हणजे बदलता पण येतो. तरी या मंडळींचं ऐकून एक गोष्ट पक्की पाळायला पाहिजे: पोरांचे आलेख पोरांच्या जातीचे, बापाच्या कमाईचे, कोणाच्या घरी काय आहे न काय नाही याचे, वजनाचे, मार्कांचे कधीच काढायचे नाहीत. सहा वर्षांच्या पोराचं नाव सगळ्यात बुटक्या पट्टीखाली लिहून ती भिंतीवर लावणं हा अन्याय आहे. पावसाचे दिवस मोजा, शाळेसमोरून गेलेल्या बैलगाड्या न ट्रॅक्टर मोजा, कोणतं झाड किती, खिचडी आवडते की उसळ हे मोजा.

हजेरीचा आलेख मात्र काढावा, नावं न लिहिता, महिन्याला वर्गात सरासरी किती पोरं होती एवढ्या चौकटी रंगवून. नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत, पश्चिम महाराष्ट्रात जातात, पोरं सोबत जातात. पट्टी दिवाळीनंतर खाली येते. ही गोष्ट गावाला माहीत आहे, शाळेला माहीत आहे, सगळे ती धरून चाललेत. पण ती पोरांनी रंगवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली तर निदान अशा पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा विषय ग्रामसभेत कोणाला तरी काढावा लागेल. एवढ्यानं स्थलांतर थांबणार नाही हे मलाही कळतं.

आता जे समर्थक आहेत त्यांच्याशी माझं भांडण. वर्कशीटवर आधीच छापलेली सफरचंदं मोजून आधीच छापलेल्या चौकोनात रंग भरणं हा आलेख नाही, ते रंगकाम आहे, त्यात प्रश्नही दुसऱ्याचा, नियमही दुसऱ्याचा, उत्तरही मागच्या पानावर. उलट यातून वाईट सवयी लागतात. छापील चित्रालेखात हत्ती मोठा छापतात न शेळी लहान, मग तीन हत्तींची रांग पाच शेळ्यांपेक्षा लांब दिसते न पोरगं म्हणतं हत्ती जास्त. सारख्या आकाराची चौकट, एकच पायाची रेघ, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून सांभाळल्या नाहीत तर पुढचं सगळं वाया. निवडणुकीत टीव्हीवर बघा, एकाला ५२ टक्के एकाला ४८, आणि पट्टीचा पाया शून्यापासून न धरता ४५ पासून धरला की एक पट्टी ७ ची होते न दुसरी ३ ची, बघणाऱ्याला वाटतं दुप्पटीहून जास्त फरक आहे. बोरांच्या रांगा एकाच रेघेपासून लावलेलं पोरगं हे बघून म्हणेल याची सुरुवात कुठंय? किटवाल्यांनी ही गोष्ट कधी सांगितलीय का? आणि किटचा हट्ट तर मुळातच सोडावा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मधे बोर्डीला न पुढं कोसबाडला वारली पोरांबरोबर काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले, दगड घेतले न तेच काम केलं. ऐंशी वर्षांपूर्वी पालघरकडं जमलं ते आज आपल्याला अस्वलं विकत घेतल्याशिवाय जमत नाही असं कसं म्हणायचं? गोल पाईचा आलेख, टक्के, आडवा अक्ष उभा अक्ष हे सगळं लहान वर्गात आणू नये हे पण इथंच सांगतो, आधी वस्तू, मग वस्तूचं चित्र, मग चौकट, या क्रमाला घाई चालत नाही. प्रदर्शनासाठी पालकांकडून चार्ट काढून आणायला लावणाऱ्या शाळांनी हे ऐकावं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत, २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात वर्गीकरणाला न माहिती मांडण्याला जागा दिलेली आहे, कागदावर भांडण संपलेलं आहे. अडचण वर्षाच्या वेळापत्रकात आहे. केंद्राच्या एनसीईआरटीच्या पहिली-दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात हा धडा सगळ्यात शेवटी येतो. शेवटचा धडा म्हणजे मार्च-एप्रिल. खान्देशात तेव्हा पारा ४३-४४ ला असतो, शाळा सकाळची, अर्धी पोरं लग्नाला, गुरुजी निकालपत्रकात, धडा 'घेतला' असं लिहून संपतो. हा धडा म्हणून शिकवायचाच नको, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून रोजची पंधरा मिनिटं धरा, आभाळ आज कसं होतं याची एक चौकट रंगवण्यापासून, म्हणजे पोळ्यापर्यंत भिंतीवर अख्खा पावसाळा उभा राहतो न यंदा आभाळानं कधी दगा दिला ते दुसरीचं पोरगं बोट ठेवून सांगतं. शिक्षकांवर ऑनलाइन माहित्या भरायचा न मतदारयाद्यांचा जो बोजा आहे तो कमी केल्याशिवाय ही पंधरा मिनिटं पण निघणार नाहीत, हे जिल्हा परिषदेनं न शासनानं ऐकलं पाहिजे, नुसतं प्रशिक्षण लावून भागणार नाही. आणि केंद्रप्रमुख तपासणीला आले की त्यांनी भिंतीवरचा चार्ट किती रंगीत आहे ते न बघता कोणत्याही एका पोराला जवळ बोलवून, ते बोलतं त्या भाषेत, एवढंच विचारावं की ही पट्टी मोठी का आहे न तुम्ही मोजताना काय काय धरलं नव्हतं.